पाठमोरी नेव्हाडा

बकआय फोर्क, केंटकी
१२ एप्रिल १९८८

गारलंड,

वर 'प्रिय' नाही. ते चुकून राहिलेलं नाही.

हे पत्र मी फेब्रुवारीतच लिहिणार होते. मग मार्चमध्ये लिहिणार होते. आधी कागद नव्हता. कागद मिळाला तेव्हा राग एवढा होता की पेन आरपार जायचं. मग मधे एका जत्रेबरोबर मिसिसिपीत गेले, तिथे मोठ्या पाळण्याची तिकिटं फाडायचं काम होतं, आणि पाळणेवाल्याकडे एक तीन पायांचं कुत्रं होतं, ते मला सोडेना. ते असो. खरं म्हणजे मी टाळलं. तुला 'ममॉ गेली' असं लिहायचं, तर ते आधी मला मान्य करावं लागलं असतं.

मला कुठे कळलं ते ऐक. अर्कान्सामध्ये, कपडे धुवायच्या दुकानात. यंत्र फिरतंय, आत माझी एकुलती एक जीन्स, मी टॉवेल गुंडाळून बाकावर. रेडिओवर एक माणूस म्हणतो, "थोर गायिका नेव्हाडा स्लोन यांना आज त्यांच्या गावी माती देण्यात आली." आज! शेजारची बाई घळाघळा रडायला लागली. मला म्हणाली, "तू ऐकायचीस का गं तिची गाणी?" मी म्हटलं, "थोडीफार." टॉवेलात बसून काय सांगणार, की ती माझी ममॉ, मी तिची नात, आणि तिचा नातू मला बोलवायला विसरला?

तू म्हणशील, मिंटी, तुझा पत्ता कुणाला ठाऊक असतो! रेडिओवाल्यांना सांगितलं असतंस तर त्यांनी पुकारलं असतं. एवढे सगळे तुझ्या खिशात आहेत.

आता मुद्दा. मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो हे तू लहानपणापासून सांगत आलायस. पण शाळा तरी धड कुठे झाली माझी? बाबा गेले, आई दुसऱ्या संसाराला लागली, आणि ममॉनं आपल्या दोघांना उचलून तिच्या गाण्याच्या बसमध्ये टाकलं. तू तिथे धंदा शिकलास. मी खिडकीबाहेर बघायला शिकले.

तर, गेल्या आठवड्यात इथे आले. ममॉच्या भावाकडे, अंकल आर्व्हिलकडे, मागच्या खोलीत राहते. सकाळी टेकडीवर थडगं बघायला गेले. आणि बघते तर तू तिला उलटी पुरलीस.

टेनेसीत राहून विसरला असशील तर आठवण करून देते. आपल्या टेकडीवर सगळ्यांचं डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. शेवटच्या दिवशी तुतारी वाजली की उठून बसायचं, समोर सूर्य. उलटा फक्त उपदेशक. त्याचं डोकं पूर्वेला, म्हणजे उठला की समोर त्याची मंडळी दिसावी, कोण आलं कोण नाही ते बघायला. आख्ख्या टेकडीवर असा उलटा एकच होता, ममॉचा बाप, पणजोबा हायरम, पार पूर्वेच्या कडेला. आता दोन आहेत. त्याच्या पुढच्याच ओळीत ममॉ. ज्या बापानं तिला नाचघरात गिटार वाजवते म्हणून भर मंडळीत उभं करून वाळीत टाकलं, त्याच्याकडे पाठ करून. तुतारी वाजली की तो उठणार आणि त्याला दिसणार तिचा अंबाडा.

असं का, तेही मी बघितलं. डोकं पूर्वेला म्हणजे दगड पूर्वेला, आणि दगडावरची अक्षरं पश्चिमेला. पश्चिमेला खाली रस्ता. रस्त्यावर तू तिच्या नावानं काढलेल्या संग्रहालयाची बस थांबते. खिडकीतून नाव वाचता येतं, फोटो छान येतो. आजीला तू पाटीसारखी लावलीस, गारलंड.

कचेरीतला माणूस म्हणतो, थडगं उघडायला थोरल्या वारसाची सही लागते. सही कर. मी तिला सरळ करून घेते.

मिंटी

२७ एप्रिल

गारलंड,

तुझं पत्र मिळालं. संग्रहालयाच्या कागदावर, वर ममॉचं चित्र, खाली दार उघडायच्या वेळा. सख्ख्या बहिणीला वेळा कळवल्यास, उपकार झाले.

तू लिहितोस, "ममॉनं स्वतः सांगितलं होतं, मला रस्त्याकडे तोंड करून ठेव. मी कारण विचारलं नाही. सही करणार नाही." एवढंच. तार करतोयस की पत्र लिहितोयस?

आणि मी हे खरं मानायचं? तिचा केसांचा ब्रश काचेत ठेव, हेही तिनंच सांगितलं असेल. तिच्या हातच्या बिस्किटांची पिठं डब्यात भरून वीक, हेही. मागच्या वर्षी मी तुझ्याकडे आले होते तेव्हा दार ढकललं तर वरून ममॉचा आवाज आला, "या गं बायांनो, बसा!" मी दचकून मागे बघितलं. कुणी नाही, कर्णा. तेव्हा निदान ती जिवंत होती, आतल्या खोलीत पाय शेकत बसली होती. आता अजून तोच आवाज लावतोस का रे? गेलेल्या बाईला दारावर बसवलंयस का?

अंकल आर्व्हिलला मी विचारलं. तो चुलीवर सुक्या शेंगा ढवळत होता. तुला त्या आवडायच्या, मुद्दाम लिहितेय. परवा मी डोंगरातून रानलसूण आणून त्यात घातली तर आता घराला, मला आणि त्याच्या गाईलाही वास येतोय. तर मी म्हटलं, "अंकल आर्व्हिल, माती दिली तेव्हा तुम्ही बघितलं नाही, डोकं कुठल्या बाजूला चाललंय ते?"

"मी टेकडीच्या खाली होतो."

"खाली का?"

"वर तुझ्या भावानं कर्णे लावले होते. देव बहिरा नाही, पोरी."

"तुमची सख्खी बहीण होती ना?"

"होती म्हणून तर खाली उभा होतो. परकी असती तर घरीच बसलो असतो."

मग मी तुझ्या बसचं बोलले, की तू मला एकदा तिच्यातून नेईन म्हणाला होतास. त्यानं डाव टाकलाच खाली. "ज्या गाडीवर बाईमाणसाचं तोंड माझ्या गोठ्याच्या दाराएवढं रंगवलंय, त्या गाडीच्या सावलीत मी उभा राहणार नाही. चढणं लांब राहिलं." त्याची डावी कंबर गेलीय आता. उठताना मी हात द्यायला गेले तर खेकसला, "डावीकडून नको! डावीकडून धरलं तर मी ओरडतो." आणि खरंच ओरडला.

रागात असला की माणूस बोलतो. त्यानं मला खुर्चीचं सांगितलं. ते तुला ठाऊक होतं का? मला नव्हतं. हायरमनं ममॉला वाळीत टाकलं तेव्हा मंडळीसमोर शपथ घेतली, "ह्या लोकी नाही आणि त्या लोकी नाही, हिचं तोंड मी बघणार नाही." शपथ घेणंच पाप, त्यात असली. पण घेतली ती घेतली. पुढे ममॉचं नाव झालं, ती गाडी घेऊन घरी यायला लागली. गाडीचा आवाज आला की हायरमची खुर्ची भिंतीकडे फिरायची. तो भिंतीकडे तोंड करून बसणार, ममॉ त्याच्या पाठीमागे स्टुलावर. आणि गप्पा मारायचे, गारलंड! पाऊस, मका, कुणाची म्हैस... म्हैस कसली, खेचर. तो मरेपर्यंत असं. भिंतीवर एक डाग आहे, त्याच्या डोक्याच्या तेलाचा नाही, श्वासाचा, असं अंकल आर्व्हिल म्हणतो. मी बघितला. मला तरी ओलीचा वाटला.

आता एक गंमत सांगते, आणि ती तुझ्या संग्रहालयात कुठे नसेल. ममॉची उचकी. ओळीच्या शेवटी आवाज तुटून वर जायचा आणि तिथेच सुटायचा, ती. तू मोठी पाटी लावलीयस ना, 'ही उचकी नेव्हाडा स्लोननं गाण्याला दिली'? मी जिथे जिथे फिरले तिथे प्रत्येक जत्रेत एक तरी पोरगी ती उचकी काढते. टेक्सासात एक भेटली, तिनं उभ्या जन्मात डोंगर पाहिला नव्हता, तरी तिचा आवाज बरोबर तिथेच तुटायचा. बरं, तर परवा गोठ्यातून आवाज आला. अंकल आर्व्हिल गाईला धार काढताना भजनाची ओळ सोडत होता. तो सोडतो तशी, वाद्याशिवाय, भरभर. आणि ओळीच्या शेवटी, उचकी.

मी म्हटलं, "हे कुणाकडून शिकलात?"

"शिकायचंय काय त्यात? डॅडी असंच म्हणायचा. खाणीतनं आल्यावर त्याचा दम पुरायचा नाही. ओळ संपायच्या आत छाती संपायची."

कळलं का? कोळशाची धूळ होती ती. म्हातारा धापा टाकायचा, लेकीला वाटलं गाणं असंच असतं. आणि आता सगळा देश धापा टाकतोय. ते ठेव काचेत.

सही पाठव.

मिंटी

११ मे

गारलंड,

सही आली नाही. त्याऐवजी तू मला ममॉची जुनी बरणी पाठवलीस. बरणीची सही चालत नाही, मी कचेरीत विचारलं. (विचारलं नाही, पण चालत नाही.)

ऐक. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी टेकडीवर थडगी सजवायचा दिवस. सगळी घराणी वर येतात, गवत काढतात, माती ओढतात, फुलं ठेवतात, मग झाडाखाली जेवण. जेवणाच्या आधी मंडळी एकेका थडग्यावर गाते. एक जण ओळ सोडतो, बाकीचे ती ओळ ओढत ओढत उचलतात. ओळ सोडणारा म्हणजे अंकल आर्व्हिल. दुसरं कुणी उरलेलं नाही.

मी त्याला सरळ विचारलं, "ममॉवर गाल ना?"

"नाही."

"वाळीत टाकली होती म्हणून? त्याला पन्नास वर्षं होऊन गेली."

"मेलेल्याची वाळी सुटते. वाळीचं नाही." त्यानं काठी टेकली. "ती उपदेशकाच्या जागी पडलीय. बाई आणि उपदेशकाच्या जागी, तीही त्याच्या पुढ्यात. मी तिथे उभा राहून ओळ सोडली तर मागून उचलणार कोण? मंडळी तोंड मिटून उभी राहील. त्यापेक्षा मीच मिटतो."

"आणि सरळ केली तर?"

त्यानं काठीच्या टोकानं माती उकरली. मग म्हणाला, "सरळ असली तर बहीणच आहे ती माझी."

एवढंच हवंय मला, गारलंड. तुझा दगड ठेव, तुझे फोटो ठेव, दारावरचा आवाजसुद्धा ठेव. तिनं आयुष्यभर दुसऱ्यांसाठी गायलं, हजारो लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण ज्या माणसांकडून तिनं गाणं घेतलं त्यांच्यातल्या एकानंही तिच्यावर ओळ सोडली नाही. तू भाड्याचे गवई आणलेस. छान गायले म्हणे. भाड्यानं रडणाऱ्या बाया पण छान रडतात.

तर आता तुझ्या सहीसाठी मी थांबत नाही. ऑशी आठवते? पलीकडच्या ओढ्यावरची, खोदायचं यंत्र असलेली. संडासाचे खड्डे आणि थडग्यांचे खड्डे, एकाच यंत्रानं. मी विचारलं, "एकाच बादलीनं?" म्हणाली, "धुते की! आणि आजवर कुणी तक्रार केली नाही. निदान थडगेवाल्यांनी." ममॉचा खड्डा तिनंच खणला होता. मी तिला म्हटलं, शनिवारी एकवीस तारखेला ये आणि खण. तिनं तंबाखू इकडून तिकडे केली, आणि म्हणाली, "बघू." 'बघू' म्हणजे इथे हो.

थांबवायचं असेल तर येऊन थांबव. येणार नाहीस हे माहीत आहे. इथला रस्ता तुझ्या बुटांना सोसत नाही.

मी ममॉसाठी कागदाची फुलं करतेय, जुन्या पद्धतीची, मेणात बुडवून. बोटं भाजली आहेत. अक्षर वाईट आहे ते त्यामुळे. एरवीही वाईटच असतं, पण आज त्यामुळे.

मिंटी

२२ मे

गारलंड,

तू खरं बोलत होतास.

हे वाक्य मी एकदाच लिहिणार आहे. कापून काचेत ठेव.

काल सकाळी ऑशी यंत्र घेऊन वर आली. धुक्यात ते पिवळं धूड घरघरत होतं, मला एकदम जत्रेतल्या पाळण्याची आठवण झाली, तो पण असाच सुरू होताना खोकायचा... ते असो. ती थडग्यापाशी आली, बादली खाली टेकवली आणि यंत्र बंद केलं.

"काय झालं?"

"यंत्राला बरं नाही."

"आत्ता तर चाललं होतं!"

"मलाही बरं नाही." ती खाली उतरली, हायरमच्या दगडावर टेकली. "बैस. तुझी आजी तशीच राहायचीय. तिनं मला स्वतः दाखवलंय."

तुझीच भाषा! मी चिडले. म्हटलं, "गारलंडनं फोन केला का तुला?"

"तुझ्या भावाकडून मी आजवर एक फोन घेतलाय, खड्डा कधी खणतेस विचारायला. गप ऐक."

दोन उन्हाळ्यांपूर्वी ऑशी इथे कुणाचा तरी खड्डा खणत होती. ममॉ एकटीच आली, गाडी स्वतः चालवत. पांढरे बूट, केस हे एवढे उंच. तुला किंवा मला काही सांगून आली नव्हती, असं दिसतं. तिनं ऑशीला हाक मारली, आणि हायरमच्या पुढ्यात सरळ गवतात आडवी झाली! बूट, केस, सगळ्यासकट. छातीवर हात घेतले आणि विचारते, "ऑशी, आता मी अशी उठून बसले, तर डॅडी दिसतो का मला?"

ऑशी म्हणाली, "डोकं पश्चिमेला घेतलंयस. उठलीस की समोरच दिसेल. नाकासमोर."

ममॉ उठली, फिरली, डोकं पूर्वेला करून पडली. "आता?"

"आता तू त्याला पाठमोरी."

"मग अशी."

ऑशीनं विचारलं, "अजून राग आहे होय गं?"

ममॉ पडल्यापडल्या हसली म्हणे. (ऑशीला तिची नक्कल येते, अगदी उचकीसकट. मला नको होतं ते ऐकायला.) म्हणाली, "राग कसला! म्हाताऱ्यानं शपथ घेऊन ठेवलीय, ह्या लोकी आणि त्या लोकी. ह्या लोकी त्यानं पाळली, खुर्ची फिरवून फिरवून. तिकडे उठल्याउठल्या त्याच्या डोळ्यांसमोर मी आले, तर बसल्याजागी शपथ मोडेल बिचाऱ्याची, तीही देवाच्या समोर. तो फार फिरला. आता मी फिरते." मग हात वर करून म्हणाली, "ओढ मला वर. बुटात मुंग्या गेल्या."

आणि ऑशीला बजावलं, कुणाला बोलायचं नाही. मंडळीला कळलं तर मंडळी हायरमच्या शपथेचं दळण दळत बसेल.

मी ऑशीला म्हटलं, "मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे? तू आलीस आणि 'खण' म्हणालीस. तुमच्या घराण्यात विचारायची पद्धतच नाही. तुझ्या भावानं विचारलं नाही का, तू विचारलं नाहीस का. तोंड बंद ठेवायचं होतं मला, पण तिच्या पेटीवर बादली घालण्यापेक्षा तोंड उघडलेलं बरं."

तर असं आहे. मी माफी मागणार नाही. ममॉनं तुला रस्त्याकडे तोंड करायला सांगितलं आणि तू कारण विचारलं नाहीस! तिनं हायरमचं नाव घेतलं नाही, रस्त्याचं घेतलं, कारण तिला ठाऊक होतं की रस्ता म्हटलं की तू पुढचं ऐकणारच नाहीस. तुला लगेच बस दिसेल. बरोबर माणसाला बरोबर थाप मारली तिनं. आणि मला तर कसली थाप मारायचीही गरज पडली नाही, मी होते कुठे? पाळण्याखाली.

संध्याकाळी मी अंकल आर्व्हिलला सगळं सांगितलं. ऑशीला विचारून सांगितलं, ती म्हणाली, त्याला सांग, त्याला नाही सांगायचं तर कुणाला. तो अंगणात कुदळीला धार लावत होता. मी बोलत होते तोवर कानस चालूच. 'तो फार फिरला' ह्या वाक्याला कानस थांबली.

मग म्हणाला, "तो नाही फिरायचा."

"म्हणजे?"

"त्याच्यात दम कुठे होता खुर्ची फिरवायचा. ओकची खुर्ची. गाडीचा आवाज आला की तो माझ्याकडे बघायचा." त्यानं कुदळ भिंतीला लावली. "मी फिरवायचो. दर वेळी मीच. मग मागच्या दारानं बाहेर जायचो, ती जाईपर्यंत."

"म्हणजे तुम्ही पण तिचं तोंड..."

"गाई होत्या," तो म्हणाला. "धारेची वेळ असायची."

ममॉ यायची दुपारी दोनला. तेव्हा कुणाची धार असते, गारलंड? पण मी बोलले नाही. तू मला मूर्ख म्हणतोस, पण एवढं कळतं मला.

मग मी विचारलं, "आता तरी याल ना? रविवारी?"

"मंडळीला काय सांगू? मरणाऱ्या माणसाची खुर्ची फिरवत होतो म्हणून? नाही. आणि कंबर दुखतेय." आणि तो आत गेला.

तेव्हा थडगं आहे तसं राहील, आणि कुणी गाणार नाही. तू जिंकलास. तुझ्या बसला दगड वाचता येईल. मी सजवायचा दिवस करून इथून निघते. कुठे, ते विचारू नकोस. तसाही तू विचारत नाहीस.

मिंटी

२९ मे, रविवार, टेकडीवर

गारलंड,

हे मी केकच्या डब्याच्या झाकणावर कागद ठेवून लिहितेय. वाळलेल्या सफरचंदांचा थरांचा केक, मी केलाय, एका बाजूला कललाय. ममॉच्या थडग्यावरचं गवत मी काढलं, फुलं लावली. मेणाची फुलं उन्हात मऊ पडायला लागलीत. मी करते ते सगळं असंच होतं.

सगळे आलेत. टेकडीभर माणसं, मुलं, टोपल्या. पण इथे कुणी येत नाही. हायरमच्या थडग्यावर फुलं ठेवायला बाया येतात त्या ममॉला वळसा घालून जातात, जसा कुणी चिखलाला घालतं. एकजण माझ्याकडे बघून म्हणाली, "तूच का ती फिरणारी?" मी म्हटलं, "हो, ही पडलेली माझी आजी." ती गेली. ऑशी तेवढी घेवड्याचं पातेलं घेऊन शेजारी बसलीय आणि मला म्हणतेय, "खा काहीतरी, हडकुळे."

अंकल आर्व्हिल आलेला नाही. सकाळी मी उठले तेव्हा बिछाना रिकामा, गाय धार काढलेली. काल तो पोस्टातल्या फोनवर कुणाशी तरी ओरडत होता. मी आत गेले तशी त्यानं फोन ठेवला. मला वाटलं कंबरेच्या डॉक्टरला असेल. आता मंडळी नुसतीच उभी आहे. ओळ सोडणारा नाही, म्हणून कुणाच्याच थडग्यावर गाणं सुरू होत नाही. लोक माझ्याकडे बघतायत, जसं काही मीच त्याला लपवून ठेवलंय.

मी तुला हे का लिहितेय, ठाऊक नाही. राग उरलाय थोडा, तो वाया जाऊ नये म्हणून असेल. एक सांगायचं राहिलं. दारावरचा आवाज काढ. बाकी सगळं ठेव, पण तो काढ. ती कधीच कुणाला 'बसा' म्हणायची नाही रे. 'आलात? मग हात लावा कामाला', असं म्हणायची. ते तू कुणाकडून तरी वाचून घेतलंस तिच्याकडून. प्रत्येक वेळी दार उघडलं की ती खोटं बोलते.

आणि दुसरं...

थांब. खाली काहीतरी आलंय.

तुझी बस. निळी, अख्ख्या अंगावर ममॉ. हसणारी, दात माझ्या हाताएवढे. ओढ्यापाशी थांबलीय, पुढे तिला रस्ता नाही. आज पण आणलीस तू ती? आज पण? लोकांना घेऊन आलास फोटो काढायला? ऑशी उठलीय, तिनं पातेल्याचा डाव हातात घेतलाय, आणि खरं सांगते, मी तिला अडवणार नाही.

दार उघडलं.

गारलंड, फोटोवालं कुणी नाही. तू उतरलास. एकटाच. काळ्या सुटात, चिखलात त्या बुटांनी. आणि आता मागे वळून हात पुढे करतोयस, आणि बसमधून काठी बाहेर आलीय. ती काठी मला ठाऊक आहे.

अंकल आर्व्हिल.

बसमधून. त्याच बसमधून! टेकडीवर सगळ्यांच्या माना तिकडे वळल्यात, पोरांच्यासुद्धा.

तो इकडे वर बघत नाहीये. उतरला आणि मागे फिरला. बसकडे. ममॉचा चेहरा त्याच्या डोक्याच्या पार वर आहे, त्यामुळे त्याला मान मागे टाकावी लागलीय. बघतोय. टोपी काढली. अजून बघतोय.

मघाची ती बाई, मला फिरणारी म्हणालेली, तिनं हातातली टोपली ममॉच्या पायाशी ठेवली आणि तिथेच उभी राहिली.

त्याचे ओठ हलतायत का? इथून ऐकू येत नाही. वारा उलटा आहे.

आता तुम्ही दोघं चढायला लागलात. अरे गारलंड, डावीकडून धरलंयस त्याला! उजवीकडून धर, गाढवा, तो ओरडेल.

थांब तिथेच. मी खाली येतेय.